दुःख, उन्हाळा आणि खंडाळा : होतकरू कादंबरीकारांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

तुम्हाला सांत्वनपर कादंबरी लिहायची आहे. म्हणजे नायिकेचं कुणीतरी गेलेलं असतं, ती उन्हाळ्यात कुठंतरी जाते, तिथं तिला स्वतःचा शोध लागतो आणि वाचकाचे डोळे एकदा ओले होऊन वेळेत कोरडे होतात. या मालाला सध्या चांगला उठाव आहे. जपानच्या तोशिकाझू कावागुची यांनी कॉफी गार व्हायच्या आत माणसांना भूतकाळात पाठवून परत आणलं आणि त्यावर जगभर पुस्तकं खपवली. त्याआधी २००६ साली एलिझाबेथ गिल्बर्टबाईंनी इटली, भारत आणि इंडोनेशिया असे तीन देश फिरून मन ताळ्यावर आणल्याची हकिकत लिहिली. तुमची ऐपत तेवढी नाही, म्हणून आपण खंडाळा घेऊ.

गाव

प्रकाशकाला नुसतं ‘खंडाळा’ एवढंच सांगा. त्याच्या डोळ्यांपुढं लोणावळ्याशेजारचं खंडाळा येईल. धुकं, दरी, चिक्की आणि १९९८च्या ‘गुलाम’मधलं ते गाणं. करारावर सही होईपर्यंत त्याला त्याच धुक्यात राहू द्या. आपला खंडाळा सातारा जिल्ह्यातला. तालुक्याचं गाव, एसटीवाल्यांच्या तोंडी पारगाव-खंडाळा. पुण्याहून येताना सारोळ्याला नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो, शिरवळ जातं, मग खंडाळा येतं आणि त्याच्यापुढं खंबाटकीचा घाट उभा राहतो. महाबळेश्वरला जाणारी सगळी दुनिया या गावावरून जाते, थांबत मात्र नाही. तुमची नायिका थांबते, इथंच तिचं वेगळेपण सिद्ध झालं. त्यासाठी दुसरं काही करायची गरज नाही.

घाट बघून नवशिक्या लेखकाच्या तोंडाला पाणी सुटतं, कारण त्याची सोय फारच झकास आहे. साताऱ्याकडं जाणारी वाहनं वर्षानुवर्षं घाट चढून जात आली आणि पुण्याकडं येणारी बोगद्यातून येत आली. जाताना चढण, येताना अंधार आणि शेवटी उजेड. प्रतीकं रस्त्यावर आयती पडलेली आहेत. पण अडचण अशी, की पुण्याहून आलेली बाई घाटाच्या अलीकडंच उतरते. चढण आणि बोगदा दोन्ही तिच्या तिकिटात बसत नाहीत. यावर उपाय एकच, तिला एसटीत झोप लागू द्या. कंडक्टर हाक मारून दमेल, गाडी घाट चढेल, बाई वेळ्याला किंवा सुरूरच्या फाट्यावर दचकून उठेल आणि उलट्या गाडीनं बोगद्यातून खंडाळ्याला येईल. बोगदा संपल्यावर उजेडाचं वर्णन मात्र लांबवू नका. तिथंच इंग्रजी एसच्या आकाराचं वळण आहे, अपघातांसाठी बदनाम, आणि त्या वळणावर गाडीतलं कुणीही जीवनाचा अर्थ शोधत नसतं. सगळे पुढच्या सीटची दांडी धरून बसलेले असतात.

तिला स्वतःची मोटार देऊ नये. मोटारवाल्या बाईचं दुःख वाचकाला महाग वाटतं. शिवाय मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे चुकून घाट ओलांडला तरी फार नुकसान होत नाही.

कुणाला मारायचं

नवऱ्याला मारू नका. तो गेला की तिसऱ्या प्रकरणापासून वाचक दुसऱ्याची वाट बघू लागतो, आणि तो आणायचा कुठून? केसुर्डीच्या एमआयडीसीत एखादा शिफ्ट इंजिनिअर मिळेल, पण त्याची रात्रपाळी सांभाळता सांभाळता तुमचं कथानक मोडेल. आईच्या वाटेला जाऊ नये. मराठीत आईवर १९३५पासून साने गुरुजींची मालकी आहे आणि ‘श्यामची आई’च्या शेजारी बसून रडवायची ताकद तुमच्यात असती तर तुम्ही मार्गदर्शिका वाचत बसला नसता. आई आधीच गेलेली दाखवा आणि एका वाक्यात उरका. मांजर जपान्यांना चालतं. आपल्याकडं ‘मांजरासाठी रजा काढलीस?’ असं विचारणारी आत्या पहिल्याच पानावर हजर होते.

वडील मारावेत. मराठी वडील जिवंतपणी फारसे बोललेले नसतात, त्यामुळे मेल्यावर त्यांच्याकडून पुष्कळ वदवून घेता येतं. रिवाजाप्रमाणे माळ्यावर ट्रंक असावी, ट्रंकेत पत्रं असावीत आणि पत्रांत वडिलांचं कुणालाही ठाऊक नसलेलं एक मन असावं. खंडाळा तालुक्यातल्या वडिलांच्या ट्रंकेत सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या सापडतात, कालव्यासाठी गेलेल्या जमिनीची नोटीस सापडते, विम्याचे कागद, रबर लावून गुंडाळलेले सातबाऱ्याचे उतारे आणि कुणाच्यातरी लग्नातल्या आहेराची वही सापडते. निराश होऊ नका. वही उघडा. सगळ्या नावांपुढं रकमा आहेत, एका सख्ख्या नातेवाइकाच्या नावापुढं नुसती रेघ आहे. त्या रेघेवर एक प्रकरण आरामात निघतं, आणि ते कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा जास्त खरं वाटेल.

मरण माघात घडवा. नायिका दहाव्याला एक दिवस येऊन गेलेली असू द्या, हिंजवडीतून रजाच तेवढी मिळाली. आता वैशाख आहे आणि ती आठ दिवसांसाठी निवांत आली आहे, निदान तिची समजूत तशी आहे.

एकांत

या ठिकाणी बहुतेक जण फसतात. सांत्वनपर कादंबरीचा सगळा डोलारा एकांतावर उभा असतो. नायिका परक्या गावी उतरते, तिला कुणी ओळखत नाही, ती एकटी फिरते, एकटी जेवते आणि हळूहळू स्वतःला ओळखू लागते. शेजारच्या फलटण तालुक्यात विंचुर्णीला गौरी देशपांडे राहायच्या. त्यांच्या नायिकांना एकांत मिळायचा, कारण लेखिकेनं त्यांना बऱ्याचदा आधीच परदेशी धाडलेलं असायचं. आपण नायिकेला तिच्या वडिलांच्या गावी आणलं आहे. इथं कुणी ओळखत नाही ही अवस्था स्टँडपासून पहिल्या टपरीपर्यंत टिकते.

“कुणाची गं तू?”

तिनं वडिलांचं नाव सांगितलं की प्रश्न रांगेनं येतात. दुखणं काय होतं, कुठल्या दवाखान्यात ठेवलं, बिल किती झालं, भावानं किती भरलं, तू किती भरलंस, आणि अजून लग्नाचं कसं नाही? ती घरी पोचायच्या आत ती येत असल्याची बातमी पोचलेली असते. दारात चुलती उभी असते. पोरगी बापाच्या मागं घरी आली म्हणून ती गळ्यात पडून रडते. हे रडणं सुरात असतं. त्यात गेलेल्याचे गुण येतात, त्यानं कुणाला औत दिलं, कुणाच्या लग्नात मांडवाला पैसे घातले हेही येतं. नायिका शहरात वाढलेली, तिला आपण कुठल्या ओळीला रडायचं ते कळत नाही. मग सूर मध्येच थांबतो, चुलती पदरानं नाक पुसते आणि विचारते, “च्या ठिवू का सरबत?”

हा क्षण लिहिता आला तर लिहा. नाही जमला तर थेट सरबतावर या.

त्यानंतर तिला एकटं सोडलं जाणार नाही. संध्याकाळी ती गच्चीवर गेली की दोन पोरं मागून येतील, कारण ‘आत्याला एकटीला वाटंल’. ती न जेवता पडून राहिली की शेजारून पिठलं येईल. तिनं मला थोडा वेळ एकटीला हवाय असं सांगितलं तर घरात एकच धावपळ उडेल, भावाला शेतातून बोलावून घेतील आणि कुणीतरी लिंबू उतरवून टाकायचं सुचवेल. शहरात दुःखी माणसाला मोकळी जागा देतात. इथं त्याच्या शेजारी जागा असेल तेवढी माणसं बसवतात, ती काही बोलत नाहीत, तंबाखू मळतात, आणि मध्येच एकजण ‘चांगला होता हो गडी’ म्हणून उठतो. माझं मत विचाराल तर दुसरी पद्धत जास्त वैतागाची आणि जास्त उपयोगी. पण तुमचा वाचक पुण्या-मुंबईचा असेल, त्याला पहिलीच हवी असते.

पाहुण्यांचा आणखी एक बेत लक्षात ठेवा. घरात मयत झाली की कार्य एकतर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढं ढकलायचं, असं मानणारी घरं भरपूर आहेत. त्यामुळे तुमची नायिका दुःख पचवायला आलेली असते आणि घरानं तिचं लग्न माघाच्या आत उरकायचं ठरवलेलं असतं. सातारारोडचं एक स्थळ चहाला येऊन गेलेलंच बरं. सविस्तर वर्णन नको, त्याच्या बुटांचं पुरे.

शहाणी म्हातारी

या प्रकारात एक शहाणी म्हातारी लागतेच. ती उन्हात काहीतरी वाळत घालत बसलेली असते आणि नायिकेला एका वाक्यात आयुष्य समजावून देते. खंडाळा तालुक्यात म्हाताऱ्या मुबलक आहेत आणि उन्हाळ्यात कुरड्या वाळत घालण्याचं कामही भरपूर आहे. फक्त वाक्य मिळणं अवघड.

“आक्का, कमी होतं का हो हे कधी?”

“औंदा? औंदा न्हाय चढायचा.”

आक्का कांद्याबद्दल बोलत असते. लोणंदचा बाजार जवळ, चाळीत कांदा भरून ठेवलेला आणि भाव पडलेला. नायिकेनं पुन्हा विचारू नये. आक्कानं दोन मुलं आणि नवरा पोचवलेला आहे हे वाचकाला नंतर, दुसऱ्याच कुणाच्यातरी तोंडून, सहज कळू द्या. तिच्या तोंडी एकही सुविचार घालू नका. ती फक्त म्हणेल, “चाळणी धर जरा.”

हवामान

सह्याद्रीच्या पाठीमागचा हा कोरडा पट्टा आहे. धोम-बलकवडीचं पाणी आलं तेव्हापासून काही शिवारं हिरवी दिसतात, पण वैशाखात दुपारी बाराच्या पुढं कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. नायिकेच्या मनाप्रमाणे झिमझिम पाऊस पाडायचा मोह आवरा. पडला तर वळीव पडतो, अर्ध्या तासात पत्रे उडवतो, आंबे झोडपतो आणि लाइट रात्रभर घालवतो. रडायला चांगली वेळ आहे, पण सगळं घर तेव्हा कांदा झाकायला पळत असतं, नायिकेसकट.

कावळा

दहाव्याचा प्रसंग आठवणीच्या रूपात आणा. नदीकाठ, पिंड मांडलेले, ऊन चढत चाललेलं आणि कावळा शिवत नाही. फांदीवर बसला आहे, मान वाकडी करून बघतो आहे, पण खाली येत नाही. अशा वेळी काय करतात हे आपल्या वाचकाला सांगावं लागत नाही. गेलेल्याची कुठली इच्छा अडली असेल याचा अंदाज बांधत एकेक जण पुढं येऊन मोठ्यानं शब्द देतो. कर्ज फेडू, गाय विकणार नाही, थोरल्याला शिकवू. कावळा ढिम्म. शेवटी नायिकेचा भाऊ हात जोडून म्हणतो, “आण्णा, ताईचं माहेर तुटू देणार न्हाय,” आणि कावळा झपकन उतरतो.

एवढं झाल्यावर सगळे मोकळे होऊन जेवायला बसले होते. नायिकाही. आता वैशाखात तिला त्या वाक्याचा दुसरा अर्थ कळायचा आहे.

आत्मशोध

चौथ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर भाऊ विषय काढतो. सुरुवात लांबून होते. विहिरीच्या मोटारीपासून. मग सोसायटीचं कर्ज, मग वारसनोंद झाली, सहा-कमध्ये तुझंही नाव लागलं. मग थोडी शांतता. मग वहिनी भांडी घासता घासता आतूनच म्हणते, “ताईंना काय कमी हाय? आन् माहेर काय तुटतंय का?”

मुद्दा हक्कसोडपत्राचा आहे. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली, आणि बाप कधी वारला यावर तो अवलंबून नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट करून सांगितलं. घराघरात त्याचा परिणाम एवढाच, की पूर्वी बहिणीला काही विचारावं लागत नसे, आता सहीसाठी बोलवावं लागतं. सही केली की माहेर राहतं, दिवाळीला साडी येते, आंब्याची पेटी येते. नाही केली तर कायदा राहतो.

आता बघा, भावानं कावळ्यापुढं दिलेला शब्द दोन्ही बाजूंना चालतो. भाऊ म्हणतो, माहेर तुटू देणार नाही म्हणालो, म्हणून तर प्रेमानं सही मागतोय. नायिका म्हणते, माहेर तुटू देणार नाही म्हणालास, म्हणून तर माझं नाव राहू दे. चुलता म्हणतो, कावळ्यालाच विचारलं असतं तर बरं झालं असतं. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफाराची नोंद बघून सांगतात की असल्या शब्दाला गाव नमुना सहामध्ये रकाना नाही.

नवशिक्या लेखकाला हे प्रकरण गाळावंसं वाटेल, कारण यात फुलपाखरं नाहीत. गाळू नका. तुमच्या नायिकेला स्वतःविषयी काही कळायचं असेल तर ते याच रात्री कळेल. आपल्याला वाट्याला आलेला दीड एकर नको होता, आणि तो कुणी मागून घेतोय म्हटल्यावर हवासा झाला. आपण बापासाठी रडत होतो की बापाच्या घरात आपली गादी कुठं घालायची हे आता दुसरं कुणी ठरवणार म्हणून रडत होतो? इतकं पुरे. याहून खोल गेलात तर पुस्तक सांत्वनपर राहणार नाही.

पूर्वसूरी

एक नमुना अभ्यासासाठी देतो, अनुकरणासाठी नव्हे. तुमच्या कादंबरीचा सांगाडा या तालुक्यात एकदा प्रत्यक्ष घडून गेला आहे. पुण्यात कामानं आणि आजारानं खंगलेली पंचविशीची बाई माहेरी विश्रांतीला येते, भाऊ तिची मनापासून सेवाशुश्रूषा करतो आणि बरी होत असताना ती नवऱ्याला पत्र लिहिते. गाव नायगाव, तारीख १० ऑक्टोबर १८५६, बाई सावित्रीबाई फुले. ऑक्टोबरचं ऊन आहे, उन्हाळा म्हणून खपवता येईल. पण पुढं सगळा बेत फिसकटतो. भाऊ तिला सांगू लागतो की तुम्ही दोघं महारामांगांना शिकवता म्हणून वाळीत पडलात, जातीच्या रीतीनं वागा. बाई विश्रांती सोडून त्याच्याशी मुद्देसूद वाद घालते आणि तो सगळा वाद पत्रात लिहून पुण्याला पाठवते. सांत्वन कुठंच नाही.

बारा वर्षांनी, २९ ऑगस्ट १८६८च्या पत्रात तर ती माहेरच्या मुक्कामात आणखी पुढं गेलेली दिसते. पंचांग घेऊन फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम होतं, मुलगी गरोदर, आणि गाव दोघांना मारायला निघालेलं. बाई मध्ये पडून त्यांचा जीव वाचवते आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून देते. ही माहेरपणाची पत्रं. पुढं १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि टिटवं धरून प्रेतयात्रेपुढं त्या स्वतः चालल्या. त्यानंतर दोनेक वर्षांत त्यांनी जोतीरावांवर ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ लिहून छापलं.

तुमच्या प्रकाशकाला असली नायिका चालणार नाही. ती दुःखात असताना आरशात बघत नाही. तरी तुमच्या नायिकेला एका दुपारी नायगावला नेऊन आणायला हरकत नाही. तिथं ती फोटो काढेल, वाड्याच्या सावलीत बसेल आणि भावानं मागितलेल्या सहीचं काय करायचं याचा विचार पुढं ढकलेल. भाचा सोबत असेल आणि त्याला गोळा खायचा असेल, त्यामुळे तिला फार वेळ बसता येणार नाही.

शेवट

तीन शेवट उपलब्ध आहेत. पहिल्यात ती आनंदानं सही करते आणि हलकी होऊन पुण्याला जाते. हा सर्वांत खपाऊ आहे, विशेषतः भावांमध्ये. दुसऱ्यात ती सही करत नाही आणि बांधावर चिंचेचं झाड लावते. चिंच तिथं येईल, पण बांध कुणाचा यावरून शेजाऱ्याशी नवा वाद सुरू होईल याची तयारी ठेवा. तिसऱ्यात सगळे पांढरे कपडे घालून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जातात, साक्षीदार आणलेले असतात, अंगठ्यासाठी यंत्र पुढं ठेवलेलं असतं आणि सर्व्हर डाउन असतो. साडेतीनपर्यंत बसतात, मग साहेब सोमवारी या म्हणतात. भाऊ सगळ्यांना मिसळ खाऊ घालतो. नायिकेची रजा रविवारी संपते.

मी तिसरा सुचवतो. पहिल्या दोन्हींत निर्णय लेखकाच्या गळ्यात पडतो. एक सूचना मात्र आवर्जून. ती सोमवारी परत आली आणि तिनं सही केली, आणि वर्षभरानं तिचं मन फिरलं, तर नोंदलेलं हक्कसोडपत्र रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लावावा लागतो. तारखा पडत जातात, भाऊ वकील बदलतो, आक्का साक्षीला येते आणि कांद्याचा भाव सांगून जाते. तुमची कादंबरी तीन खंडांची होते. दुसरा खंड कसाबसा सांत्वनपर म्हणून विकता येईल, तिसऱ्यासाठी वेगळी मार्गदर्शिका लागेल, आणि ती लिहिण्याआधी मी वकिलाचा सल्ला घेईन.